पिशवीतलं शेत

शेतीची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दुकानात माझ्या मागच्या बाकावर एक बाई आणि तिचा दीर बसले होते. पंप मिळेपर्यंत मला कुठे जाता येत नव्हतं.

"वहिनी, हळू बोला. लोक ऐकताहेत."

"ऐकू देत. टोमॅटोंनी माना टाकल्यात आणि तुमचा फोन म्हणतो, जमीन ओली आहे."

"यंत्र मातीतला ओलावा मोजतं. ते खोटं कशाला बोलेल?"

"ते पुरलंत कुठे?"

"हौदाजवळ. रेंज तिथेच येते."

"तिथे रोज म्हशी धुतात, भाऊजी."

"पण रेंजच नसेल तर यंत्राचा उपयोग काय?"

"आणि म्हशीखालचा चिखल मोजून काय उपयोग? आठवडाभर त्याने पाण्याची झडप उघडली नाही. फोनवरून आपणच उघडावी, तर पासवर्ड तुमच्याकडे."

"पाणी किती वाचलं ते बघा ना. अभिनंदनाचा मेसेज आलाय आपल्याला."

"तो टोमॅटोंना वाचून दाखवा."

"तुम्हाला नव्या गोष्टींचा रागच आहे."

"मला तुमचा राग आहे. यंत्र बिचारं गेल्या आठवड्यात आलंय."

"बरं, आणलंय ना ते? साहेब तपासतील."

"सकाळीच उपटलं. धुऊन, पुसून पिशवीत टाकलंय."

त्याचा फोन वाजला.

"आता काय म्हणतोय?"

"जमीन अतिशय कोरडी. झडप उघडली. शेताला पाणी सुरू."

काउंटरवरून साहेबांनी पुढचा नंबर पुकारला.

"वहिनी, आपला नंबर आला. द्या ते यंत्र."

"बसा खाली. टोमॅटोंचं पोट भरेपर्यंत या पिशवीला कोणी हात लावायचा नाही."