खुर्चीचा डावा हात

कातारी : अहो बाई, हे भोक मधोमध आहे का? बघा बरं चष्मा लावून.

बाई : चष्मा लावूनच पाडलंय.

कातारी : मग नंबर बदलून घ्या. या बाजूला बोटभर लाकूड आणि त्या बाजूला नखाएवढं! लेथवर पेनाचं लाकूड या भोकाभोवतीच फिरणार. ते असं कडेला गेल्यावर काय कातणार?

बाई : गिरमिट सरकलं, मास्तर.

कातारी : सगळ्यांचं सरकतं. म्हणून तर शिकाऊ माणसाला मी माझं लाकूड देतो. टाका हे. त्या खोक्यात सागाचे, शिसवीचे पन्नास तुकडे पडलेत. हवा तो उचला.

बाई : मला दुसरा नको.

कातारी : मागच्या आठवड्यातही हेच म्हणालात. आणि छिन्नी अशी दाबत गेलात, की भोकात बसवलेली पितळी नळी उघडी पडली. अख्खा तुकडा वाया.

बाई : तो उजवा हात होता. हा डावा. आता एवढाच उरलाय.

कातारी : कुणाचा हात?

बाई : खुर्चीचा. ह्यांच्या. पाय वाळवीनं खाल्ले होते. मुलगा दोन दिवसांसाठी आला, म्हणाला, आई, कशाला अडगळ ठेवतेस? दिली टाकून. हात तेवढे मी आधीच कापून घेतले. भाजीच्या सुरीनं सुरुवात केली, मग शेजारून करवत आणली.

कातारी : हे आधी नाही का सांगायचं?

बाई : तुम्ही विचारलंत लाकूड कुठलं. मी म्हटलं घरचं. खोटं काय होतं त्यात?

कातारी : आणि या अंगाला हे कशानं घासलंय? खोलगट झालंय अगदी. गुळगुळीत.

बाई : अंगठ्यानं. दर रविवारी वाणसामानाची यादी करायचो आम्ही. मी सांगायची, हे लिहायचे. मला पुढचं आठवेपर्यंत डावा अंगठा त्या हातावर घासत बसायचे. मान वर न करता विचारायचे, "पुढे?" एकेचाळीस वर्षं.

कातारी : बाई, रागावू नका. पण गोल कातायचं म्हटलं की चारही अंगं जातात. ही खूणही जाणार.

बाई : जाणार? मग मी इतके दिवस हे कशाला शिकतेय?

कातारी : मला वाटलं, वेळ जात नाही म्हणून येता.

बाई : तो तर जात नाहीच. पण त्यासाठी टीव्ही आहे घरात. द्या तो तुकडा. पिशवीत टाकते.

कातारी : थांबा. एक मिनिट. नखाएवढं लाकूड कुठल्या बाजूला राहिलंय?

बाई : खुणेच्या.

कातारी : म्हणजे भोक खुणेला चिकटून गेलंय. मग छिन्नी बाकीची तीन अंगं खाईल, इकडे पोचायचीच नाही! मधोमध पाडलं असतं तर खूण गेली असती, बाई.

बाई : मग नंबर नको ना बदलायला?

कातारी : राहू द्या तोच चष्मा. आणा, नळी चिकटवू.

(नळी घट्ट बसेपर्यंत दोघं चहा पितात. मग लेथ सुरू होतो.)

बाई : टकटक वाजतंय हो!

कातारी : वाजू दे. कोपरे लागतायत. छिन्नी टेकवा, दाबू नका. लाकूड आपणहून सुटलं पाहिजे. कणीक तिंबत नाही आपण.

बाई : आता टकटक बारीक झाली.

कातारी : बाकीचे ती थांबेपर्यंत काततात. थांबली की गोल झालं. तुम्ही उलट करायचं. टकटक आहे तोवर खूण आहे. हं, बास! बंद करा.

बाई : राहिली?

कातारी : मला काय विचारता, हात लावून बघा.

बाई : राहिली.

कातारी : आता काचपेपर. खरखरीत आधी, मग बारीक. पण खुणेला नाही लावायचा.

बाई : आणि मेण?

कातारी : तेही नाही. एकेचाळीस वर्षांचं पॉलिश आहे ते. माझ्या डब्यात तसलं नाही. शिवाय एक अंग सपाट राहिलं, टेबलावरून गडगडणार नाही. हे टोक बसवलं, ही शाईची कांडी घातली. घ्या, लिहून बघा.

बाई : काय लिहू?

कातारी : लोक स्वतःचं नाव लिहितात.

बाई : तुम्ही लिहिता का? मी सांगते. सांगायचं आणि लिहायचं, दोन्ही एकटीनं जमत नाही अजून. सहा महिने यादीच केली नाही. दुकानात समोर दिसेल ते आणते. मीठ तीनदा आणलं.

कातारी : माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

बाई : त्यांचंही तसंच होतं. लिहा. साखर, पाव किलो.

कातारी : साखर, पाव.

बाई : अंगठा कुठे ठेवलात?

कातारी : या सपाट जागी. आपोआप तिथंच जातो. पुढे?

(कातारी अंगठा त्या जागी घासत राहतो.)

कातारी : बाई? पुढे?

बाई : थांबा ना जरा. आठवतेय.