टेकाळेबाई हरल्या त्याची गोष्ट

मंडळी, ऐका! टाळ जरा खाली ठेवा. मृदंगवाले, तुम्हीही घाम पुसून घ्या. एक प्रश्न विचारतो. जिंकून आलेल्या माणसाचं आपण काय करतो? हार घालतो! फेटा बांधतो! फोटोत आपलं तोंड यावं म्हणून एकमेकांना कोपरानं ढकलतो — हसू नका, गेल्या निवडणुकीला बघितलंय मी सगळं! पण जो हरून आला, त्याचे कुणी आभार मानतं का हो? हरलेल्याचे आभार! आहे का असं गाव कुठं?

नाही म्हणताय? बरं. मग ऐका.

डोंगरावर कोळदरा नावाचं गाव. गावात सातवीपर्यंत शाळा आणि शाळेत अनसूया टेकाळेबाई. आठवीला जायचं तर घाट उतरून खालच्या पेठेत जावं लागायचं. पोरं जायची हुंदडत, पण पोरी? सकाळी एसटी नाही, वाट झाडीतली. सातवी झाली की पोरगी घरी! दरवर्षी बाई घरोघर फिरायच्या, बापांच्या विनवण्या करायच्या. बाप म्हणायचे, "बाई, तुमचं पटतंय. पण एकटी पोर घाटात धाडू कशी?"

त्या वर्षी सातवीत दीपाली होती, शिवदास गवाऱ्याची पोर. लई हुशार! गणित फळ्यावर पुरं व्हायच्या आत हिचं उत्तर तयार. शिवदासानं स्पष्ट सांगितलं, "गाडीची सोय झाली तर शिकवतो बाई. नाहीतर शाळेचं नाव काढू नका."

आणि बघा देवाची करणी! टीव्हीवर प्रश्नमंजूषा निघाली, खास शिक्षकांसाठी — 'सांगा गुरुजी!' जो जिंकेल त्याच्या शाळेला पोरं न्यायला-आणायला नवीकोरी गाडी! बाईंनी नाव धाडलं. घरचे म्हणाले, या वयात हे काय खूळ? बाई म्हणाल्या, "वयाचा प्रश्न विचारला तर तेवढा सोडून देईन!"

गेल्या बाई. काय तो झगमगाट! आणि बाईंना सवय वर्गाची. समोरच्या शिक्षकानं बरोबर उत्तर दिलं की ह्याच म्हणायच्या, "शाब्बास! बस खाली." प्रेक्षकांनी फार गलका केला, तेव्हा बाई गर्रकन वळल्या — "शांत! हाताची घडी!" आणि सांगतो काय, सगळ्या सभागृहानं हाताची घडी घातली हो! कॅमेरेवाल्यानंसुद्धा! कॅमेरा नुसता आढ्याकडं बघत राहिला!

एकेक फेरी जिंकत बाई शेवटच्या फेरीत आल्या. समोर कोण? तौफिक मुजावर सर. पंचविशीतलं पोरगं, नोकरीला नुकतंच लागलेलं, तेही लांबच्या एका वस्तीशाळेवरचं. दोघांचे गुण सारखे! आता प्रश्न एकच उरला, आणि तो आला मुजावर सरांच्या वाट्याला. त्यांना आलं तर ते जिंकले. नाही आलं तर प्रश्न बाईंकडं.

चमचमत्या कोटातला निवेदक म्हणाला, "आपल्या सूर्यमालेतला कोणता ग्रह जणू आडवा पडून सूर्याभोवती फिरतो?"

आडवा पडून! मंडळी, आपल्याकडं आडवे पडणारे घरटी एक आहेत, पण ते फिरत नाहीत — त्यांच्याभोवती बायको फिरते, चहा घेऊन! असो. बाईंना उत्तर येत होतं बरं का! वर्गात तांब्या आडवा करून, टेबलावर लोळवत फिरवून शिकवलं होतं त्यांनी. डोळ्यांपुढं गाडी आली. गाडीत खिडकीशी बसलेली दीपाली दिसली. आता फक्त हे पोरगं गप्प राहायला पाहिजे. क्षणभर! मग गाडी आपली!

आणि पोरगं गप्पच होतं हो. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. शर्टाचं बटण पिरगाळत होतं. कपाळावर घाम. बाईंनी त्याच्याकडं बघितलं आणि तिथंच घोटाळा झाला! त्यांना स्पर्धक दिसलाच नाही. दिसलं काय? वर्गात उभं राहिलेलं, उत्तर ओठावर येऊन अडकलेलं लेकरू! उभ्या आयुष्यात बाईंनी असं लेकरू कधी तसंच खाली बसू दिलं नव्हतं. डोक्यानं काही ठरवायच्या आत तोंडातून निघून गेलं, वर्गातल्या त्याच सुरात —

"यु... रे..."

"युरेनस!" पोरगं ओरडलं.

"शाब्बास!" बाई म्हणाल्या. आणि मग बाईंच्या ध्यानात आलं.

अरे देवा! निवेदक म्हणाला, "बाई, तुम्ही उत्तर सांगितलंत? समोरच्याला?" बाई म्हणतात कशा, "काय करू? ते उभं होतं हो कधीचं."

परीक्षक बसले डोक्याला हात लावून. नियम काय? प्रेक्षकांनी सांगायचं नाही, मित्रानं सांगायचं नाही. पण वैऱ्यानंच सांगितलं तर? असा नियम कुणी केलाच नव्हता! कोण करील? असली माती खाणारं माणूस जन्माला येईल, हे कुणाच्या स्वप्नात आलं होतं? मुजावर सर पुढं आले, बाईंच्या पायाला हात लावला, डोळे भरलेले. म्हणाले, "हे उत्तर माझं नाही. गाडी बाईंची आहे." बाई म्हणाल्या, "येड्यासारखं बोलू नका सर. मी सुरुवात केली, उत्तर तुमचं तुम्हीच दिलंत. तुमच्या वस्तीवर पोरी नाहीत का?" सर म्हणाले, "आहेत की." "मग न्या गाडी." परीक्षकांनी उत्तर धरलं, गाडी गेली मुजावर सरांच्या शाळेला.

बोलायला बोलून गेल्या बाई. पण परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून ढसाढसा रडल्या. शिवदासाला काय सांगू? दीपालीला कुठल्या तोंडानं भेटू? आणि त्यात आणखी एक पेच. हे कार्यक्रम आधी करून ठेवतात, दाखवतात मागाहून. तोवर कुणाला सांगायची बंदी! गावाला वाटलं, बाई गप्प आहेत म्हणजे नक्की जिंकल्या! शाळेपुढं गाडी लावायला पोरांनी जागासुद्धा झाडून ठेवली. बाई रोज त्या जागेला वळसा घालून शाळेत शिरायच्या.

दाखवायचा दिवस आला. देवळापुढं मोठा पडदा लावला, गुलाल आणला. बाई सगळ्यात मागं बसल्या, तोंडाला पदर लावून. "हाताची घडी" आली तेव्हा गाव लोळून लोळून हसलं. मग तो प्रश्न आला. मग "यु... रे..." आलं. आणि मंडळी, गुलालात घातलेला हात तसाच राहिला. बाई उठल्या, हात जोडले. "माझं चुकलं. गाडी माझ्या तोंडानं घालवली मी. पोरींनो, मला माफ करा."

शिवदास गवारे उठला. बाईंना वाटलं, आता हा बोलणार आणि बोलायलाच पाहिजे त्यानं. शिवदास म्हणाला, "बाई, खाली बसा आधी. ह्याच सुरात मला पाढे सांगितलेत तुम्ही. मीबी असाच बटण पिरगाळत उभा राहायचो." मग गावाकडं वळला. "काय रे, पाटाचं पाणी आपण कसं घेतो? पाळी लावून ना? आज तुझं रान, उद्या माझं. पाण्याला पाळी लावतो, मग पोरींना का लावली नाही आजवर? आमच्यातला एकेक बाप रोज पोरींना घेऊन घाट उतरंल, संध्याकाळी घेऊन येईल. पहिली पाळी माझी. दुसऱ्या दिवशी कोण?"

"मी!" एक उठला. "त्याच्या पुढं मी!" दुसरा उठला. तिसऱ्याची बायको म्हणाली, "हे नाही गेले तर मी जाईन!" झालं! तिसराही उठला — बायकोपुढं कोण बसून राहतो?

बाई रडत म्हणाल्या, "शिवदास, तुझे उपकार कसे मानू रे?" तो म्हणाला, "उलटं बोलू नका बाई. आभार आम्ही मानायचे. तुम्ही गाडी आणली असती तर आम्ही हात झटकून मोकळे झालो असतो. पोर माझी आणि काळजी तुमची, असंच चाललं होतं आजवर. तुम्ही हरलात, म्हणून लाज वाटली आम्हाला." आणि त्या गावानं, आणलेला तो गुलाल, हरलेल्या बाईंच्या कपाळी लावला! दीपाली आठवीला गेली. तिच्यासोबत सगळ्या गेल्या.

आता तुम्ही! होय, तुम्हालाच म्हणतोय, इकडंतिकडं काय बघता? एसटीची पाटी वाचून इथवर आलात ना? कुणी शिकवली वाचायला? तुम्ही अडकलात तेव्हा कुणीतरी हळूच सुरुवात करून दिली असेल की नाही? त्या माणसाला कधी सांगितलंत, की गुरुजी, तुमच्यामुळं झालं? मोबाइलवर फुलांची चित्रं धाडता हो सकाळ-सकाळ! घरी जाऊन दोन शब्द बोललात का?

थांबा, आरतीची घाई करू नका. त्या खांबाला टेकून बसलेत ते लोमटे गुरुजी ना? अर्धा मंडप त्यांच्या हाताखालून गेलाय म्हणे. गुरुजी, तुम्ही उठायचं नाही, बसा! सरपंच, तुम्ही उठा. माउल्यांनो, तुम्हीही उठा. देवाचं दर्शन मागाहून घ्या. देवाला विटेवर उभं राहायची सवय आहे, तो थांबेल. गुरुजींचं वय झालंय — आधी तिकडं जा!