मेणाचा पाय

आखातात, देरात, पोर्तुगालच्या व्हिसाच्या रांगेत माझ्यापुढे वसईची एक बाई आणि तिचा मुलगा ग्लेन उभे होते. मी तोंड फिरवलं, पण कान कुठे फिरवू?

“मम्मी, पोर्तुगालला हा मेणाचा पाय कशाला?”

“डॅडींचा नवस आहे. इथे रुवैसला कामावर पाय मोडला, तेव्हा खोलीतल्या कॅलेंडरवरच्या चर्चला बोलले होते.”

“त्यांना ती बांद्र्याची माउली वाटली. निघालं पोर्तुगालचं ब्रागा!”

“डोंगर तसाच, पायऱ्या तशाच. घरापासून लांब पडलेला माणूस, चुकला.”

“मग बांद्र्यालाच वाहू ना. आता डॅडीपण नाहीत. खलास.”

“खलास म्हणे! त्या पायावर बारा वर्षं चालले. तुझ्या लग्नात पापडीच्या चर्चपर्यंत बँडपुढे नाचले, विसरलास? ज्या दारात मागितलं, त्याच दारात द्यायचं.”

“बरं बाई. पण तिथे पाचशेवर पायऱ्या आहेत. बाजूने छोटी रेल्वे जाते, तिचं तिकीट काढतो.”

“तू बस रेल्वेत. चालत्या पायाचा नवस मी बसून फेडू होय?”

“आणि तुझे गुडघे?”

“त्यांचा नवस वर पोचल्यावर बोलते.”