पहिल्या पाण्याचं तीर्थ

—नवस मीच बोलले होते आक्का, मी कुठे नाही म्हणते? वज्रेश्वरीच्या आईला बोलले होते, पायरीवर डोकं टेकून — आई, माझ्या मेघालीला दिवस राहू देत, पोर माहेरी बाळंतपणाला आली की रोज पहाटे नळाचं पहिलं पाणी देव्हाऱ्यातल्या तुझ्या टाकावर घालीन, तेच तीर्थ तिला देईन, सुखरूप मोकळी होईपर्यंत एक दिवस चुकवणार नाही. तुम्हीच तर म्हणाला होतात, कमळ, तुझ्यासारखं मनापासून कोण करतं गं आमच्या चाळीत. बसा ना, अशा दारात काय उभ्या? खुर्ची नको, ती डुगडुगते, पलंगावर बसा. पाणी घ्या. नको? बरं, राहू दे तिथंच. तुम्ही चाळीच्या मालकीण, आमच्या खोलीत तुमचे पाय कधी लागतात — मागे आलात ते नारळ घेऊन आला होतात. आज नारळ नाही, आज काम घेऊन आलात. कळलं हो मला. पालिकेचा माणूस खाली नळावर बाटल्या घेऊन आलाय, पाणी तपासायला, आणि कमळने बायकांना सांगायचं की पाण्याची काही तक्रार नाही, म्हणजे सगळ्या तेच सांगतील. हेच ना? सांगते. घाई नाही त्याला, त्याला अजून चहा यायचाय. आधी माझं ऐका.

पहिलं पाणी कशाला, तर त्याला कुणाचा हात लागलेला नसतो. देवाला वापरलेलं पाणी चालेल का? माझ्या आईनं मला हेच शिकवलं, तिला तिच्या आईनं. पिण्याचं पाणी मी उकळत होते, हां — दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बजावलं होतं, पोटुशी बाई आहे, पाणी उकळून द्या. रॉकेल मिळायचं नाही तरी मी मोठं पातेलं चढवायचे, चांगलं खळखळ उकळायचे, वर फडकं बांधायचे. मेघाली हसायची, म्हणायची, आई, तू मला पाणी पाजतेस की काढा? पण तीर्थ कोण उकळतं, आक्का? तुम्ही उकळलं असतं? देवाच्या अंगावरून आलेलं पाणी चुलीवर ठेवायचं, म्हणजे देवावर संशयच घेतल्यासारखं झालं की. पळीभर तर असायचं. पळीभर पाण्यानं काय होतंय — असं आपण सगळ्याच म्हणतो.

आणि मग ती सकाळ. आठवते ना? नळ सुटला, मी तांब्या लावला, टाकावर पाणी घातलं, आणि बघते तर काय — देवीखालचं पांढरं वस्त्र गुलाबी! सगळं वस्त्र, असं हळदीकुंकवाच्या वाटीत बुडवल्यासारखं. माझ्या अंगावर काटा आला. मी ओरडलेच — आईनं कुंकू सोडलं! शेजारच्या ठमाबाई धावल्या, वरच्या मजल्यावरच्या बायका उतरल्या, त्यांतलीच ती मऊ गावाकडची भाभीसुद्धा पदर डोक्यावर घेऊन हात जोडून उभी राहिली, ‘मैया की किरपा’ म्हणाली. आणि तुम्ही आलात नारळ घेऊन. इथंच फोडलात, ह्याच उंबऱ्यावर. तीर्थ डोळ्यांना लावलंत, मेघालीच्या कपाळाला लावलंत, म्हणालात, पोरी, नवस पावला तुझ्या आईचा. मेघालीनं ओंजळ पुढे केली, मी त्या दिवशी एका पळीच्या जागी तीन पळ्या घातल्या. सोन्यासारखा दिवस होता तो. तुमचे यजमान, भाऊ, तुमच्या मागे उभे होते दारात. ते हसले. मला वाटलं, कौतुकानं हसले.

त्याच आठवड्यात तुमच्या घरी पाण्याचे जार यायला लागले. नाही म्हणू नका, मी रोज बघत होते, टेम्पो यायचा, पोऱ्या खांद्यावर निळा जार घेऊन तुमच्या जिन्यानं वर जायचा. मी विचारलं तेव्हा काय म्हणालात? विपुलला थंड पाण्याची सवय लागलीय. मी मान हलवली. लाडाचा मुलगा, लागली असेल सवय.

मग मेघालीचं अन्न तुटलं, मग तिचे डोळे पिवळे झाले. आम्ही म्हणलं, उन्हाळ्याचं असेल, उसाचा रस पाजला — हो, तेही तुम्हीच सांगितलंत, राग नाही माझा त्याचा. ठाण्याला नेलं तेव्हा डॉक्टरीण बाई आमच्यावरच खेकसली, गरोदरपणात अशी कावीळ म्हणजे काय समजता तुम्ही लोक, पाणी कुठलं पिते ही? मी म्हणलं, उकळलेलं, देवाशप्पथ उकळलेलं. पोर वाचली माझी. बाळ नाही वाचलं. मुलगा होता. रडलाच नाही. नाक मेघालीचं होतं अगदी, एवढंसं, मी बोट लावून बघितलं — जाऊ दे. आता कशेळीहून येते ना माझ्याकडे, तर पर्समध्ये सासरच्या पाण्याची बाटली घेऊन येते. माझ्यासमोर काढत नाही, मी चहा टाकायला आत वळले की पटकन दोन घोट घेते. मला आवाज येतो झाकणाचा. आईच्या घरी आलेली लेक, आक्का, आईच्या घरचं पाणी पीत नाही. आणि मी विचारत नाही. काय विचारू?

तुम्ही म्हणाल, झालं गेलं, देवाची मर्जी. मीही तेच म्हणत होते. हातात जपमाळ घेऊन म्हणत होते. मग नवरात्राच्या आधी देव घासायला काढले आणि ते वस्त्र धुवायला घेतलं. आता बघा, कुंकू मी आयुष्यभर धुतलंय — लुगड्यावरचं, चोळीवरचं, देवाच्या वस्त्रावरचं. कुंकू निघतं. साबण लावा, दोनदा चोळा, निघतं, फार तर पिवळट डाग राहतो. हे निघेना. सोडा लावला, उन्हात टाकलं, लिंबू चोळलं. जसंच्या तसं गुलाबी. मी ते पिळून हातात घेतलं आणि तशीच ओल्या हातानं चाळीच्या मागे गेले, तुम्ही तो रंगाचा कारखाना भाड्यानं दिलाय ना, तिथं. सुताच्या लडी वाळत होत्या दोरीवर. मी वस्त्र लडीला लावून बघितलं. लावल्यावर कुठलं वस्त्र न कुठली लड, कळेना. आणि त्याच कारखान्याचं पाणी ज्या गटारात सुटतं, त्या गटारातूनच आपल्या चाळीचा पाइप गेलाय, तुमच्या अंगणातल्या फरशीखालून. विपुलनं त्याच पाइपाला मोटर बसवलीय, तुमची टाकी भरायला. मोटर ओढते, पाइप फुटलेला, नळाला पाणी यायच्या आधी गटार ओढलं जातं आत. मग नळ सुटला की सगळ्यात पहिलं येतं ते कोणतं? हां. तेच. देवाचं. मी मनापासून, पहाटे उठून, आंघोळ करून, देवीला गटार वाहत होते. आणि नुसती कारखान्याची रंगाची घाण असती तरी एक वेळ — त्याच गटारावर सगळ्या वस्तीचे संडास आहेत.

गेले ना मी भाऊंकडे. वस्त्र दाखवलं. म्हणाले, वहिनी, पाणी काचेसारखं आहे, मी स्वतः पितो, तुम्ही देवदेव जरा कमी करा. समोर टेबलावर जार होता हो. त्याच जारचा पेला हातात धरून म्हणाले.

म्हणून मी अर्ज केला, हो, मीच. आणि आज बघा कशी जादू. मोटर सकाळीच काढून ठेवली, कारखाना बंद, नळाजवळ जंतुनाशक पावडरीचा वास इतका की डोळे चुरचुरतात. आज बाटलीत काचेसारखंच पाणी जाणार. तो माणूस चांगला आहे, मला म्हणाला, मावशी, पाइप कुठे फुटलाय ते फरशी उचलल्याशिवाय दिसणार नाही, आणि मालकानं सांगितल्याशिवाय मी फरशीला हात लावू शकत नाही. मालक कोण? चाळ तर तुमच्या नावावर आहे, आक्का. भाऊंनीच केलीय ना तुमच्या नावावर, टॅक्सच्या भानगडीसाठी?

ते राहू दे. रुचिका कशी आहे? सातवा लागला ना? गोड आहे हो तुमची सून. दर शुक्रवारी येते माझ्याकडे. तुम्हाला माहीत नाही? अगंबाई. तुम्ही बाजारात गेलात की मागच्या जिन्यानं येते. तुम्हीच तिला सांगितलंत ना, कमळच्या देवीनं कुंकू सोडलं होतं — पुढचं सांगितलं नाहीत, एवढंच. भोळी पोर. येते, देवीसमोर बसते, ओंजळ पुढे करते, म्हणते, मावशी, तीर्थ द्या. मी देते. पळीनं. नळाचं पहिलं पाणी असतं ते, नवसाचं.

आक्का? काय झालं? बसा, बसा, चक्कर येईल. असा घाम का फुटला? तीर्थच दिलं, विष नाही दिलं मी. पाणी तर चांगलं आहे ना? आत्ता येऊन तुम्हीच म्हणालात, कमळ, पाण्याला काय झालंय, सांग त्याला. मग आता छातीशी हात का नेलात? बोला ना. समोरचा पेला मघापासून तसाच आहे, घ्या की एक घोट, बरं वाटेल. — नाही ना घेत? हेच बघायचं होतं मला. किती दिवस वाट बघितली ह्या तोंडाची. देवीसमोर बसून बघायचे मनातल्या मनात — आक्कांना कळेल, तेव्हा आक्कांचं तोंड कसं होईल. तुम्हाला माहीत होतं. नारळ फोडलात तेव्हा नसेल, पण जार आले तेव्हा होतं. आणि तुम्ही रोज माझ्या मेघालीला विचारायचात, घेतलंस का गं तीर्थ?

थांबा, उठू नका. सांगते. हे सांगणार नव्हते, पण आता तोंडून निघालंच आहे तर ऐका. पहिल्या शुक्रवारी मी पळी भरली होती. कच्च्या पाण्यानं. माझा हात थरथरलासुद्धा नाही, आक्का, मलाच भीती वाटली माझी. म्हणलं, भाऊंनाही कळू दे कसं असतं ते. पळी तिच्या ओंजळीवर धरली, आणि ती म्हणाली, मावशी, थांबा हं, आत लाथ मारतोय हा, सांडेल माझ्या हातून. हसली. मी तीर्थ तुळशीत ओतलं. तुळस तरी काय करणार होती. तेव्हापासून देवीच्या अंगावर उकळून गार केलेलं पाणी घालते, तेच तिला देते. आई रागावली तर रागावू दे माझ्यावर.

रडू नका. अजून रडू नका. कारण खरं सांगितलं की खोटं, हे तुम्हाला कसं कळणार? बघा माझ्याकडे. कमळ म्हणते उकळलेलं, तर उकळलेलं. भाऊ म्हणत होते काचेसारखं, तर काचेसारखं. तशाच राहा आता. पोरीचे डोळे बघत राहा रोज सकाळी, पांढरे आहेत की पिवळे. मी राहिले तशी. मला बरं वाटतंय, आक्का, खोटं कशाला बोलू, आज पोटभर जेवेन मी.

पण तेवढ्यानं भागत नाही माझं. वरच्या भाभीलाही तिसरा महिना आहे. तोंड पुसा. पदर नीट घ्या. खाली तो माणूस सकाळी मला विचारत होता, मावशी, तक्रार कुणाच्या नावानं लिहू, तुमच्या यजमानांचं नाव सांगा. आमच्या ह्यांचं नाव मी लग्नापासून उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं. सगळ्या बायका ऐकत होत्या. घेतलं. पंढरी, म्हणलं, सरळ. मग म्हणलं, आता लिहा, मोटर कुणाची ते.

तसंच तुम्ही करा. मला दुसरं काही नको. फरशी माझी आहे, उचला म्हणा. आणि पाइप फुटका कुणी ठेवला, कारखान्याचं पाणी गटारात कुणी सोडू दिलं म्हणून विचारलं, तर नुसतं ‘हे’ म्हणू नका, ‘विपुलचे बाबा’ म्हणू नका. नाव घ्या. आडनावासकट घ्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं. जा, तो बाटल्यांना बुचं लावायला लागला असेल. जा.