उजवीकडून वाचलेलं चित्र

आखातातल्या मुसफ्फा या कारखान्यांच्या भागात, छपाईच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे तिघे होते. कामगारांना चित्रांतून सुरक्षा शिकवणाऱ्या मुग्धामॅडम, वर्कशॉपचे फोरमन लियाकतभाई आणि हाताला बँडेज बांधलेला गुलखान.

"मॅडम, तुमची चूक नाय. मशीनवर लावलेली चित्रं सरळ होती. मशीन बंद करा, टाळं लावा, मग हात घाला."

"सरळ कोणासाठी, लियाकतभाई? गुलखान उर्दू वाचतात. त्यांनी उजवीकडून सुरुवात केली आणि आधी हात घातला."

"टाक्यांवर भागलं, अल्लाची मेहेरबानी."

"आणि मी वर्गात सांगत होते की चित्राला भाषा नसते."

"चित्रांच्या मधे बाण दाखवले असते तर?"

"दाखवून पाहिले. लोकांना वाटलं, मशीन त्या बाजूला फिरतं."

"पण कालचा वर्ग भारी झाला हां! चित्रं कापून दिलीत, म्हणालात, ओळीने लावा. केरळवाले डावीकडून, इजिप्तचे मिसरी उजवीकडून. नुसतं भांडण!"

"आणि गुलखाननी एकाखाली एक लावली."

"वरून खाली तर सगळेच वाचतात. पंधरा वर्षं हितं आहे, मला सुचलं नाय."

"मला तरी कुठे सुचलं?"

"यल्ला, चला मॅडम, अशी उभी तीनशे पोस्टरं छापायला सांगू?"

"थांबा. गुलखान, एक बार आप देखिए."

"पहले बंद. फिर ताला. फिर हाथ. ठीक है. लेकिन मैडम..."

"बोलिए ना."

"पहले फोटो में मशीन बंद किधर है? बत्ती तो हरी है."

"लियाकतभाई, छपाई थांबवा. आणि गुलखानना खुर्ची द्या, मला अजून विचारायचंय."