हळू आणि हाळु

पुरवणी जबाब. दि. ११ ऑगस्ट १९९७, सकाळी १०.२०. हवालदार मल्लाप्पा निपाणीचे असल्याने मराठीत घेतला.

मी, सौ. विद्याश्री विलास घोरपडे, वय ३१, काम चिकपेटेत साड्यांच्या घाऊक दुकानात बिले लिहिणे, राहणार बनशंकरी, बेंगळुरू, माहेर-सासर कराड, समक्ष हजर राहून सांगते की, काल मी चोरीच्या तक्रारीत आमच्या इमारतीचा वॉचमन गुंडू, वय ६०, याचे नाव दिले. ते साफ चुकीचे आहे. पुढचे जरा भराभर लिहावे.

मी दोन बस बदलून कामावर जाते. आणखी एकदा उशीर झाला तर येऊच नका, असे मालकांनी बजावले आहे. म्हणून बॅटरीवरची स्कूटर बघायला गेले. लाल पळायला चांगली, पण आम्हाला झेपणारी नाही. करडी झेपते. दुकानदार वेणुगोपाल यांनी करडी दोन दिवस चालवून बघायला दिली. शनिवारी चढावर सायकलवालासुद्धा मला मागे टाकून गेला. तरी मी वेळेत पोचले. जीव भांड्यात पडला.

काल रविवारी सकाळी दहाला बूथवरून त्यांना फोन केला. मी माझ्या मोडक्या कन्नडात म्हणाले, "गाडी स्वल्प हळू आहे, पण मला बेकु," म्हणजे हवी. लाइन खरखरत होती. मग भाजीला गेले. बाराला परतले तर स्कूटर नाही. गुंडू म्हणाला, "अक्का, गाडी हाळु, तगोंड होदरु." नेली, एवढे समजले. हळूच नेली, असे मी धरून चालले. हा बघत बसला, म्हणजे सामील असणार. तो बिचारा पुन्हा पुन्हा तेच सांगत होता आणि मी ओरडत होते.

आज आठला चोरीचे सांगायला वेणुगोपाल यांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, तुम्हीच हाळु म्हणालात की. बिघडली म्हणून माणूस पाठवून आणली." कन्नडात हाळु म्हणजे बिघडलेली. दोन वर्षे इथे राहून मला हे ठाऊक नव्हते. मला फार लाज वाटते.

गुंडूअण्णा कालपासून इथे ठाण्यात बाकावर बसून आहेत. आत येताना त्यांनी मला "ऊटा आयता, अक्का?" विचारले. जेवण झाले का, म्हणून. एवढे कन्नड मला येते.

आज मी कामावर गेलेले नाही.

जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचून दाखवला. हळू आणि हाळु दोन्ही जागच्या जागी आहेत, बाकीही माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. सही गुंडूअण्णा बाकावरून उठून घरी निघाले की करीन. मला आता घाई नाही.