भाऊजींचं पोर्ट

हॅलो? …हो, ललिताताई, बोल. …क्लासच्या ऑफिसातच हावो, अमरावतीले. …नाही, रडून नाही राहिली. रडूच येऊन नाही राहिलं.

भाऊजी पोचले इथल्या ऑफिसातून अकोल्याले, घरी? …जेवले? …बरं.

नाही ताई, मी बसवलेल्या नेटवर्कच्या वायरिंगचा काही दोष नाही. …अवं ऐक ना! क्लासचा पेपर फुटला तो माह्या लॉगिनमधून. सर म्हणतात, माया, तूनंच फोडला. आज खरं सांग, नाही तं पोलिसात देतो.

…हो, हो, स्विच हाये ना, सगळ्या मशीनच्या वायरी जिथं जुळतात तो डबा! मलेही तसंच वाटे. ज्याचं पार्सल त्याच्याच घरी जाते, मंधात कोणी उघडत नाही. पण भाऊजींचा लॅपटॉप सगळ्या मशीनले सांगे, बाहेर जायचा दरवाजा मीच. …खरं मानतात, ताई. मशीन इसवास ठेवते, विचारत नाही. सगळ्याईचं सगळं त्याईच्या लॅपटॉपवरून जाये. माहा पासवर्डही गेला, त्याच्यावरच पेपर काढला त्याईनं.

…उपाय होता ना, बाप्पा! केला होता मी. स्विचच्या दर पोर्टवर, वायर लागते त्या भोकावर, पहारा बसवला. कोणी खोटी ओळख सांगितली का पोर्ट बंद. फक्त भाऊजींचं पोर्ट भरवशाचं म्हणून सोडलं. …काहून म्हंजे? जवाई माणूस! पहिल्याच दिवशी त्याईचा लॅपटॉप अडला, तं दिवाळीले रुसून घरी आले नाही. आईनंच म्हटलं, जवायाले कायले अडवतं वं? …नाही आठवत? मले आठवते.

…काय करू? मी कबूल करू? …हो, पोरी लहान हायेत. …तुहा संसार… हो, समजते मले.

…काय म्हटलं? …नाही, पुन्हा म्हण. …‘तुले तं पुण्याची नोकरी लागलीच, इथची गेली तं काय बिघडलं’, असं म्हणतं?

ताई, पुण्याचं तुले कोणी सांगितलं?

…आईनं? आईले कुठं माहीत हाये. मी कोणालेच नाही सांगितलं. ऑफिसच्या मेलवर आलं होतं, बस.

…हॅलो? …तुले कधीपासून माहीत हाये, भाऊजी माहं वाचतात म्हणून?



…नाही, चिडली नाही. वाईट वाटलं. तुहं वाटलं.

…थांब जरा. …काही नाही, भाऊजींचं पोर्ट बंद केलं. सर केबिनमधी आले, मी जातो त्याईच्याकडे, खरं सांगाले.

पोरीईले जेवू घालजो. ठेवतो.